पस्तीत गेलेल्या वह्या

दिव्याखाली अंधार, ही म्हण आम्ही वर्गात किती वेळा समजावून दिली असेल याची गणती नाही. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस उमगावा यासाठी आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला आमच्या दारी यावे लागले. गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन आम्ही ओसरीवर बसलो असता ती आली. सोबत तिची आजी होती. मुलगी येथे बडोद्यातच ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. तिला लघुप्रबंध लिहावयाचा होता आणि विषयही तिने मनाशी धरलेला होता : बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ आणि मराठी वाचक.

"सर, विषय चांगला आहे असे सगळेच म्हणतात," ती म्हणाली, "पण साधने कोठून आणायची ते कोणी सांगत नाही. आपले मराठी, म्हणून आपल्याकडे आले."

तिने पर्समधून एक छापील यादी काढली. अठरा नोंदी होत्या. आम्ही लाल पेन्सिल घेतली, कारण हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय आम्हांस वाचता येत नाही. यादीतील सहा नोंदी एकाच मजकुराची सहा रूपे निघाली. एकाने लिहावे, दुसऱ्याने उतरवावे, तिसऱ्याने दोघांचा आधार द्यावा, असा तो प्रकार होता. आणखी चार नोंदी आम्हांस अपरिचित वाटल्या. त्यांतील एका मराठी ग्रंथाचे नाव तर इतके देखणे होते की तो आपण आजवर कसा वाचला नाही याची आम्हांस लाज वाटली. पुढे दोन दिवस सूच्या चाळल्यावर कळले की असा ग्रंथ कोणत्याही सूचीत नाही. मुलीने मोबाइलवरील उत्तरे देणाऱ्या यंत्राला विचारले होते, आणि यंत्राने नम्रपणे, न अडखळता, लेखक, प्रकाशक व वर्षासह एक ग्रंथ निर्माण करून दिला होता.

आम्ही तिला रागावलो नाही. आमच्या पिढीतही न पाहिलेल्या ग्रंथाचा आधार देणारे विद्वान होतेच, यंत्र तेच काम अधिक वेगाने करते इतकेच. परंतु तिला एक गोष्ट आम्ही वहीत लिहून घ्यावयास सांगितली. संदर्भ म्हणजे पत्ता होय. पत्ता सुवाच्य आहे एवढ्यावरून तेथे घर आहे असे ठरत नाही. स्वतः जाऊन दार वाजविल्याखेरीज तो पत्ता कोणाच्या हाती देऊ नये.

आता, हा विषय बडोद्याच्या मुलीने घ्यावा यात नवल नाही, पण आमच्या इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव व गोव्याच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. पण शाळेत अक्षरे शिकलेला मुलगा घरी वाचावयास काही नसेल तर ती विसरतो, हे त्यांच्या ध्यानी आले. शिक्षणाचा दुसरा हात म्हणजे ग्रंथालय, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन या अनुभवी ग्रंथपालास बोलावून आणले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे होते. एवढ्या अल्पावधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी झाली, वर्गीकरणाची एक स्वतंत्र पद्धत सिद्ध झाली, गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तके नेणारे फिरते ग्रंथालय सुरू झाले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग निघाला. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ज्याला म्हणता येईल तो प्रथम येथे, या शहरात बसला. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी व गुजरातीच्या जोडीने मराठी मजकूरही असे आणि ते १९१९ पर्यंत चालले.

याचा खर्च भागविण्याची युक्तीही पाहण्यासारखी होती. गावकऱ्यांनी आपल्या ग्रंथालयासाठी एक हिस्सा जमवावा, तेवढाच हिस्सा प्रांतपंचायतीने घालावा आणि तेवढाच सरकारने. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही हे महाराज जाणत होते. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने तर १९०६ पासूनच 'मित्रमंडळ' वाचनालयांच्या रूपाने गावोगाव ही ओढ निर्माण करून ठेवली होती. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. तेथील पुस्तकांच्या मजल्यांच्या जाड काचेच्या जमिनीतून खालपर्यंत उजेड झिरपतो. आम्ही दरवर्षी मुलांना तेथे नेतो, आणि दरवर्षी एखादा तरी मुलगा काचेवर पाय ठेवताना घाबरतो.

असो. मुलीचा प्रश्न साधनांचा होता. त्या रविवारी व पुढच्या दोन रविवारी मिळून आम्ही तिला जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी या शास्त्राचा किंवा दुसऱ्या एखाद्या शास्त्राचा अभ्यास करीत असेल, त्याला उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट, साधन शोधण्याआधी प्रश्न शोधावा. 'बडोद्याची ग्रंथालये' हा प्रश्न नव्हे, ते नुसते शीर्षक झाले. 'बडोद्यातील मराठी घरांतील मुली ग्रंथालयातून काय वाचीत होत्या?' हा प्रश्न. प्रश्न हाती असला म्हणजे कोणते दार वाजवावे आणि कोणते टाळावे ते कळते.

दुसरी गोष्ट, ग्रंथांच्या आधी ग्रंथांच्या याद्या पाहाव्यात. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीने केलेली 'मराठी ग्रंथसूची' १८०० पासून १९३७ पर्यंतच्या ग्रंथांची नोंद देते, आणि तिचा पुढचा भाग १९५० पर्यंत येतो. मराठीत अमुक ग्रंथ झाला की नाही या वादाचा निकाल बहुधा तेथेच लागतो. यंत्राने रचलेला तो देखणा ग्रंथ आम्ही प्रथम तेथेच शोधला. 'मराठी विश्वकोशा'तील ग्रंथालयविषयक नोंदीही आरंभाला चांगल्या, आणि आता त्या संगणकावरही वाचता येतात. कोशातील नोंद हे प्रवेशद्वार असते. तेथेच बिछाना टाकू नये.

तिसरी गोष्ट, आपल्याआधी या वाटेने कोण गेले ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच. डी. प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा होऊ लागल्या. त्या गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात कोणासही मोफत वाचता येतात. नव्या संशोधकाने प्रबंधाचा शेवट आधी वाचावा, म्हणजे त्याची संदर्भसूची. आधीच्या माणसाने कोणती कपाटे उघडली ते तेथे कळते. कोणती उघडली नाहीत तेही कळते, आणि आपले काम तेथून सुरू होते.

चौथी गोष्ट, या शास्त्राची स्वतःची नियतकालिके. दिल्लीहून १९५४ पासून निघणारे 'ॲनल्स' (आरंभी त्याच्या नावात ग्रंथालयशास्त्र होते, पुढे माहितीचा अभ्यासही आला), कलकत्त्याच्या 'आयस्लिक' संस्थेचे वार्तापत्र, संरक्षण खात्याच्या 'डेसिडॉक' केंद्राचे नियतकालिक. ग्रंथालयशास्त्रापुरतेच असे 'ई-लिस' नावाचे जागतिक भांडारही २००३ पासून खुले आहे, आणि त्यात लेख मोफत मिळतात. ज्या परदेशी नियतकालिकांची वर्गणी परवडत नसे त्यांतील पुष्कळशी जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध झाली आहेत. मुलीला ही योजना ठाऊक नव्हती. तिने विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारले आणि पाऊण तासात तिचे काम झाले. म्हणून पाचवी गोष्ट अशी की ग्रंथपालाला विचारावे. ग्रंथपाल होऊ पाहणाऱ्यानेच ग्रंथपालाला विचारण्याचा संकोच करावा, हा आम्हांस दिव्याखालचा पहिला अंधार वाटला. गणिताचे अध्यापन सोडून १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांत वाचकाचा वेळ वाचविणे हा एक आहे. वाचकाने आपण होऊन तो वाचवू दिला पाहिजे.

आणि सहावी गोष्ट, मूळ कागद. संस्थानचे वार्षिक कारभाराचे अहवाल, खानेसुमारीचे ग्रंथ, 'आज्ञापत्रिका' हे संस्थानचे राजपत्र, न्यूटन मोहन दत्त यांचा १९२८ मधील बडोद्याच्या ग्रंथालयांवरील इंग्रजी ग्रंथ, 'लायब्ररी मिसेलनी'चे अंक, 'श्री सयाजी साहित्यमाले'तील पुस्तके. पारिभाषिक शब्द अडला तर १९३१ चा 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' आहे. त्यात राज्यकारभारातील एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत आदी भाषांतील पर्याय दिलेले आहेत. संस्थानचे दफ्तर राज्य अभिलेखागाराच्या येथील कचेरीत आहे. त्यातील जुना मराठी भाग मोडीत आहे. मोडी न शिकता गायकवाडी इतिहास लिहू पाहणे म्हणजे पोहता न येता विहीर मोजणे, असे आम्ही म्हटल्यावर आजी प्रथमच हसल्या.

मुलगी कष्टाळू. ती तीन आठवडे हिंडली. मार्गशीर्षात एका संध्याकाळी पुन्हा आली तेव्हा तिच्याजवळ दोनशेच्या वर टिपणे होती, प्रत्येकीवर ग्रंथ, वर्ष, पृष्ठ आणि ते कोठल्या कपाटात पाहिले ते लिहिलेले. आम्हांस धन्य वाटले. परंतु तिचा चेहरा उतरलेला होता.

"सर, अहवालांत सगळे आहे," ती म्हणाली. "किती गावांत ग्रंथालये, किती पुस्तके, किती वाचक, किती देवघेव. फक्त वाचणारी माणसे नाहीत. हे अहवाल सरकारने सरकारचे काम दाखविण्यासाठी लिहिले. मुलींनी काय वाचले हे त्यांत कोण कशाला लिहील?"

तिचे म्हणणे खरे होते. आकडा कारभाऱ्याचा असतो. नाव हवे असेल तर ते देवघेवीच्या वहीत सापडते. कोणी, कोणत्या तारखेस, कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, हे त्या काळच्या ग्रंथपालाने शाईने ज्या वहीत नोंदविले तीच या प्रश्नाची खरी साक्षीदार. आम्ही तसे बोलून दाखविताच ती सावरून बसली.

"म्हणूनच आजीला पुन्हा घेऊन आले, सर. आजी म्हणते, तशा वह्या आपल्या शाळेत आहेत."

आमची शाळा संस्थानी अमदानीतील, मूळची मुलींची. आजी त्याच शाळेत शिकल्या, आणि त्यांच्या आईही. आजी सांगू लागल्या. त्या पाचवीत असताना पुस्तक बदलावयास गेल्या, तेव्हा ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी कपाटाच्या तळातून तांबड्या कापडी बांधणीची एक जाड वही काढली, पाने उलटली आणि एका सहीवर बोट ठेवले. "ही बघ तुझी आई. तुझ्याएवढीच होती." सही मोडी वळणाची होती, असे आजींस आठवते. पुस्तक कोणते ते आठवत नाही. "आईचे अक्षर माझ्याजवळ कोठेच नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "पत्रे नाहीत, हिशेबाची वही नाही. ती मी आठवीत असतानाच गेली. म्हटले, नातीचे काम होईल आणि मला ती सही तेवढी पाहायला मिळेल."

वाचकहो, हे सदर आम्ही इतकी वर्षे लिहीत आहोत. दुसऱ्यांच्या चुकांवर पुष्कळ लिहिले. आता आमची लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो, त्याच वर्षी संगणक कक्षासाठी खोली हवी होती. ग्रंथालयाच्या मागची खोली सोयीची होती. तीत दोन मोडकी बाके, तुटका पृथ्वीचा गोल आणि जुन्या वह्यांनी भरलेली एक कपाटभर अडगळ होती. साठा पडताळणी झाली, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला, वरून मंजुरी आली, आणि एका शनिवारी दुपारी पस्तीवाला हातगाडी घेऊन आला. सर्व काही नियमानुसार झाले. त्या प्रस्तावात आम्ही स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला होता : 'कालबाह्य व निरुपयोगी.' एम. ए.ला प्राचीन मराठी वाङ्मय शिकलेल्या आणि एकेका पोथीच्या पाठभेदावर तासन्‌तास बोलणाऱ्या आमच्या हातून तो शेरा उतरला. पोथी हे साधन आणि शाळेची देवघेव वही ही अडगळ, असे आम्हांस त्या वेळी मनापासून वाटले. चारशे वर्षांपूर्वीच्या कागदाला आम्ही नमस्कार केला असता. सत्तर-ऐंशी वर्षांचा कागद आम्हांस फक्त जुना वाटला.

आजींना हे सांगावयास आम्हांस काही वेळ लागला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"पस्तीचे किती आले?" आजींनी विचारले.

पावती फाइलीत होती, ती आम्हांस आठवत होती. अडतीस किलो, तीनशे बेचाळीस रुपये.

"मग त्याचे काय घेतलेत?"

"पैसे शासनाच्या खात्यात भरले, आजी."

"बरे झाले," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. त्या 'बरे झाले'चा अर्थ आम्ही अद्याप लावीत आहोत. दारात जाऊन त्या वळल्या व म्हणाल्या, "तुम्ही आम्हांला खरे सांगितलेत, सर. नाही तर शोधतो म्हणून झुलवता आले असते." त्यानंतर त्या आमच्याकडे आलेल्या नाहीत.

मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आली. म्हणाली, "सर, ती निर्लेखनाची फाइल पाहू का?" आम्ही ती काढून दिली. प्रस्तावाला जोडलेल्या यादीत आमच्या लेखनिकाने एकेका वहीचे वर्ष लिहिलेले होते : १९२८ पासून १९६३ पर्यंत, एकंदर एकवीस वह्या. मुलीने ती यादी उतरवून घेतली. "वह्या गेल्या हे खरे," ती म्हणाली, "पण या शाळेत १९२८ मध्ये मुलींच्या नावाने पुस्तके दिली जात होती आणि त्याची लेखी नोंद होत होती, एवढे तरी या यादीवरून म्हणता येते. तळटीप देताना मूळ नष्ट, असे लिहीन." आम्ही मान खाली घातली. ज्या फाइलीने वह्या घालविल्या तीच आता त्यांचा एकमेव पुरावा होऊन बसली होती.

मग तिने ग्रंथालयाची कपाटे उघडवून घेतली. पुस्तके आम्ही विकली नव्हती. जुनी पुस्तके वरच्या फळीवर धूळ खात होती. तिने एकेक खाली घेतले आणि मजकूर न वाचता शेवटचे पान उघडले. कित्येक पुस्तकांच्या पाठीमागे तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तीवर शिक्के होते, क्वचित पेन्सिलीने वर्गक्रमांक, क्वचित एखाद्या मुलीचे अर्धे नाव. दोन पुस्तकांवर फिरत्या ग्रंथालयाची मुद्रा निघाली, म्हणजे ती पेटीतून आली आणि परत गेलीच नाहीत. ग्रंथपालाच्या दृष्टीने हा दोष, संशोधकाच्या दृष्टीने घबाड. एका पुस्तकावर १९३४ ते १९३८ या चार वर्षांत एकतीस तारखा होत्या, आणि शेजारच्या जाडजूड बोधपर ग्रंथावर एकही नव्हती. कोणते पुस्तक वाचले गेले आणि कोणते केवळ खरेदी केले गेले हे त्या चिठ्ठ्या स्पष्ट सांगत होत्या. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती येते, आम्ही किल्ली देतो, आणि ती चिठ्ठ्यांची छायाचित्रे घेते. आमच्या नववीच्या दोन मुली तिला मदत करतात. आजवर दोनशे सत्तर पुस्तके पाहून झाली आहेत. आजींच्या आईचे नाव मिळालेले नाही. मिळेलच असे आम्ही कोणास सांगत नाही.

आता वाचकांकडे आमचे मागणे आहे, आणि ते या लेखाचे खरे कारण आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींचा इतिहास मोठ्या दप्तरखान्यांत थोडा आणि घरच्या माळ्यावर व संस्थांच्या कपाटांत फार, अशी स्थिती आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथेही जेथे चार मराठी घरे स्थिरावली तेथे गणपती बसला आणि मागोमाग वाचनालय निघाले. या वाचनालयांची पुस्तके बहुधा दुसरीकडेही मिळतील. त्यांच्या दाखल नोंदवह्या, देवघेवीच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, वार्षिक अहवाल आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मात्र जगात कोठेही दुसऱ्या नाहीत. ग्रंथाच्या हजार प्रती निघतात, वहीची प्रत एकच असते. आम्ही हा फरक न ओळखता एकवीस वह्या घालविल्या.

म्हणून संस्थांच्या चालकांना विनंती, की जागा कमी पडली तर एक वेळ पुस्तकांच्या दुबार प्रती काढा, नोंदवह्या काढू नका. काढणेच प्राप्त असेल तर आधी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास किंवा अभिलेखागारास पत्र लिहा. त्यांनी घेतल्या तर पोच घ्या. नच घेतल्या तर निदान प्रत्येक वहीच्या पहिल्या-शेवटच्या पानाचे छायाचित्र आणि वर्षांची यादी करून ठेवा. आमच्या लेखनिकाने केवळ नियमासाठी केलेली यादी आज कामास आली, हे विसरू नका.

घरोघरच्या भगिनींना विनंती, की दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा गठ्ठा थेट हातगाडीवर जाऊ देऊ नये. वाचनालयाचे सभासदत्वाचे कार्ड, पुस्तकाच्या मागच्या तारखा, आजोबांनी करून ठेवलेली वाचलेल्या पुस्तकांची यादी, याच मासिकाचे फाटके अंक, हे सर्व एकदा घरातल्या शिकत्या मुलासमोर ठेवावे. तो नको म्हणाला तर शेजारच्या मुलीला विचारावे. आणि घरात ऐंशीच्या पुढचे माणूस असेल तर ते काय वाचीत होते, पुस्तक कोठून आणीत होते, कोण आणू देत नव्हते, हे आजच लिहून घ्यावे. खाली तारीख व सांगणाऱ्याचे नाव घालावे. त्यालाही साधनच म्हणतात.

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगणे एवढेच की, शोधगंगेत शोधा, नियतकालिकांत शोधा, यंत्रालाही खुशाल विचारा, पण त्याने दिलेला प्रत्येक पत्ता पडताळा. आणि सगळे शोधून झाल्यावर आपल्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयात एकदा जाऊन या. तेथला मुख्याध्यापक आमच्यासारखाच एखादा नवा, हुशार, खोलीच्या शोधात असलेला गृहस्थ असू शकतो. त्याने पस्तीवाल्याला बोलावण्याआधी तुम्ही पोचलात तर बरे.

आमच्या शाळेत आम्ही आता एक लहानशी व्यवस्था केली आहे. ग्रंथालयाच्या वह्यांसाठी एक लोखंडी कपाट वेगळे ठेवले असून, १९६४ पासूनच्या ज्या वह्या त्या यादीत न सापडल्यामुळे वाचल्या त्या तीत आहेत. कपाटावर कागद चिकटविला आहे : 'मुख्याध्यापकांच्या लेखी आदेशानेही निर्लेखन करू नये.' आमच्यानंतर येणारे गृहस्थ तो कागद काढू शकतील हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून त्याची एक प्रत आम्ही सेवापुस्तकाच्या फाइलीतही लावून ठेवली आहे.

मुलीचा लघुप्रबंध चैत्रात सादर व्हावयाचा आहे. परवा तिने विचारले, ऋणनिर्देशात आपले नाव घालू ना? आम्ही म्हटले, घाल, पण तळटिपेतही घाल. जेथे वह्या नष्ट झाल्याचे लिहिशील तेथे कोणाच्या सहीने नष्ट झाल्या तेही लिही. ती बराच वेळ गप्प होती. मग वही उघडून तिने तारीख, फाइल क्रमांक आणि आमचे नाव व्यवस्थित उतरवून घेतले.